‘गिरणी बंद’

ऑगस्टमध्ये बारावीच्या वर्गात मागच्या बाकावरच्या एका पोरानं हात वर केला. तो हात सहसा बाहेर जायची परवानगी मागायलाच वर होतो, म्हणून मी न पाहताच ‘जा’ म्हणाले. तर म्हणे, "नाही मॅडम, प्रश्न आहे. झेब्रा माशात ‘नो टेल’ नावाचं जनुक असते म्हणे. ज्याच्यानं शेपूटच येत नाही, ते जनुक मासा ठेवते कशाले?"

वर्ग हसला, मीही हसले. "ते नाव बिघाडावरून पडलंय, जनुकाचं काम शेपूट करायचंच आहे," असं एका दमात सांगून मोकळी झाले. पोरगा बसला, पण त्याला पटलं नव्हतं. तेवढ्यात बेल झाली.

वीस वर्षं जीवशास्त्र शिकवते आहे. ‘जनुके भ्रूणाचा विकास नियंत्रित करतात’ हे वाक्य फळ्यावर लिहून खडूंचे डबे संपवले असतील. बेडकाच्या भ्रूणाच्या आकृत्या झोपेतही काढीन. पण त्या ‘नियंत्रित करतात’मध्ये नेमकं काय होतं, ते सुरू असताना मी कधी पाहिलं नव्हतं. खरं सांगायचं तर पाहावंसं वाटलंही नव्हतं.

रात्री जेवताना बाबांना तो प्रश्न सांगितला. त्यांना ठसका लागेपर्यंत हसू आलं. पाणी पिऊन म्हणाले, "अगं, हे तर माझ्या वहीसारखं आहे."

बाबा लाईनमन होते. सत्तरच्या दशकात नागपूरच्या महाल-इतवारीच्या गल्ल्यांत त्यांची ड्यूटी असायची. जुन्या लाईनचा नकाशा कोणाकडेच नव्हता. डीपीतल्या कोणत्या फ्यूजवर कोणती गल्ली आहे हे कळायचा एकच मार्ग होता. एक किटकॅट, म्हणजे फ्यूज बसवलेला ठोकळा, उपसायचं, हेल्परला गल्लीत उभं करायचं आणि ओरड कुठून येते ते ऐकायचं. पहिली ओरड ज्याची, त्याचं नाव वहीत. निळ्या पुठ्ठ्याची ती वही अजून कपाटात आहे. ‘गिरणी बंद’. ‘वकीलसाहेब चिडले’. ‘देवळाचा भोंगा’. एका ठिकाणी ‘बाळंतिणीचा पंखा’ आणि त्याच्यापुढे दोनदा अधोरेखित केलेलं ‘लगेच लावणे’.

"‘गिरणी बंद’ म्हणजे गिरणी बंद पाडायचा फ्यूज नव्हे बेटा. गिरणी चालवायचा. पण तो चालू असताना कोण विचारते त्याले?"

दुसऱ्या दिवशी वर्गात ती वहीच घेऊन गेले. तो पोरगा म्हणाला, "हं. आता जमलं."

जर्मनीतल्या ट्युबिंगेनला आणि अमेरिकेत बोस्टनला नव्वदच्या दशकात जे झालं, ते या वहीपेक्षा फार वेगळं नव्हतं. फळमाशीवरच्या अशाच कामासाठी ज्यांना १९९५चं नोबेल मिळालं, त्या क्रिस्टियाने न्युसलाइन-फोल्हार्ड ट्युबिंगेनच्या बाजूला होत्या, बोस्टनला वोल्फगांग ड्रीव्हर. नर माशांना जनुकं बिघडवणाऱ्या रसायनाच्या पाण्यात ठेवायचं. म्हणजे त्यांच्या शुक्रपेशींमध्ये कुठंतरी, कुठंही, बिघाड होतो. पहिल्या पिढीत काही दिसत नाही, कारण प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात आणि एक धड असली की बहुतेक वेळा भागतं. म्हणून दुसरी पिढी वाढवायची, तिच्यातल्या भावंडांच्या जोड्या लावायच्या आणि तिसऱ्या पिढीच्या अंड्यांत पाहायचं. एखाद्या जोडीच्या अंड्यांत चारात एक भ्रूण सारखाच बिघडलेला निघाला, की समजायचं एक फ्यूज सापडला. या सगळ्याचे ३७ लेख डिसेंबर १९९६मध्ये ‘डेव्हलपमेंट’ या नियतकालिकाच्या एकाच अंकात आले. त्यातली नावं वाचताना मला बाबांचीच वही दिसत होती. डोळे जवळ आलेला ‘सायक्लॉप्स’. हृदय दोन्ही बाजूंना वेगवेगळं राहिलेला ‘माइल्स अपार्ट’. माझ्या भाच्याला सगळ्यात आवडला तो ‘वन-आइड पिनहेड’. त्यानं त्याचं ‘एकडोळ्या टाचणीडोक्या’ केलं आणि आठवडाभर धाकट्या बहिणीला त्याच नावानं हाक मारली. त्याआधी "मावशी, नीटला येते का हे?" हा त्याचा कायमचा प्रश्न विचारून झालाच होता. येत नाही, म्हटलं.

‘नो टेल’ तर त्याहूनही जुनं निघालं. त्याचंच उंदरातलं भावंड म्हणजे ‘ब्रॅकियुरी’, ग्रीकमध्ये आखूड शेपूट. आखूड शेपटीचे ते उंदीर १९२७ सालीच नोंदले गेले होते. शेपटीइतकंच त्या जनुकाचं महत्त्वाचं काम आहे नोटोकॉर्ड, म्हणजे पाठीचा कणा तयार व्हायच्या आधी ज्या दांड्याच्या आधारानं शरीर लांबतं तो. पण ओरड शेपटीची आधी ऐकू आली.

मासा आपल्याच इकडचा आहे, हे मला अलीकडेच नीट कळलं. गंगा-ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातल्या उथळ पाण्यात, भाताच्या बांध्यांत राहणारा. फ्रान्सिस हॅमिल्टन नावाच्या ब्रिटिश सर्जननं गंगेच्या माशांवरच्या पुस्तकात १८२२ साली त्याची पहिली नोंद केली. पुढं तो जगभरच्या शोभेच्या टाक्यांत गेला. ओरेगॉनमधल्या युजीन गावी जॉर्ज स्ट्रायसिंगर या शास्त्रज्ञानं त्याला प्रयोगशाळेत आणलं आणि १९८१ साली त्याचे हुबेहूब एकसारखे जनुकसंच असलेले मासे तयार करून दाखवले. आमच्याकडे तो सक्करदऱ्याच्या दुकानात वीस रुपयाला जोडी मिळतो. दुकानदार म्हणाला, "ताई, झेब्रा काय नेता, एंजल न्या." मी दोन माद्या आणि तीन नर घेतले. मादी पोटानं गुबगुबीत, नर सडपातळ आणि जरा सोनेरी झाक असलेला. एवढं ओळखता आलं की झालं.

डिसेंबरचा दुसरा शनिवार. मोठ्या डब्यात आदल्या दिवशी भरून ठेवलेलं पाणी, तळाला भाच्याच्या जुन्या गोट्या. गोट्या कशासाठी, तर हे मासे अंडी घालतात आणि मागे वळून तीच खातात. अंडी चिकट नसतात, गोट्यांच्या फटींतून खाली घरंगळली की वाचतात. नर-मादीच्या मध्ये भाजी धुवायची जाळीची टोपली कापून पडदा केला. डबा थर्माकोलच्या खोक्यात, आत टाकीचा स्वस्तातला हीटर, काटा २८वर. नागपूरच्या थंडीत त्याशिवाय इलाज नव्हता.

उजेड झाला की अंडी घालतात हे वाचलं होतं. रविवारी सकाळी साडेसहाला दिवा लावला, पडदा काढला. पावणेसातला नर मादीच्या मागे लागलेले दिसले आणि गोट्यांखाली काचेच्या कणांसारखं काहीतरी पडलेलं दिसलं. ड्रॉपरनं उचलून मोजली, त्रेसष्ट. पाण्यात बुरशीसाठी निळ्या औषधाचा एक थेंब टाकला, चार अंडी वॉच ग्लासमध्ये, म्हणजे काचेच्या उथळ वाटीत, घेतली आणि कॉलेजमधून सही करून आणलेल्या मायक्रोस्कोपखाली ठेवली.

पुढचे दोन तास काय सांगू. बलकाचा एक मोठा गोळा, त्याच्या डोक्यावर पारदर्शक टोपी. बघता बघता त्या टोपीच्या मधोमध एक खाच पडली आणि दोन पेशी झाल्या. हे पुस्तकात पाऊण तासानं व्हायचं, माझ्याकडे जवळजवळ तास लागला. मग दोनाच्या चार, चाराच्या आठ. पुस्तक म्हणतं दर पंधरा मिनिटांनी. मी घड्याळ लावून बसले तर अठरा, एकोणीस, पुन्हा अठरा. मला वाटलं अंडी खराब आहेत. मग थर्मामीटर बुडवला. पंचवीस! हीटरचा काटा साफ खोटं बोलत होता, आणि ते मला चार पेशींच्या भ्रूणानं सांगितलं. प्रमाणित घड्याळ साडेअठ्ठावीस अंशांचं असतं, तिथं चोवीस तासांत जे होतं त्याला पंचवीस अंशांवर तीसेक तास लागतात. हा हिशोब मी तर्री-पोह्यांच्या पुडीच्या कागदावर केला. पोहे गार झाले होते, गॅसवरचं दूध उतू गेलं होतं.

आता या पहिल्या तासांबद्दल एक गोष्ट, जी मी वर्गात कधी सांगितलीच नव्हती. एवढी भराभर विभागणी सुरू असताना भ्रूणाची स्वतःची जनुकं जवळजवळ गप्प असतात. हुबेहूब नकला होत असतात, पण त्यातलं कोणी बोलत नाही. सगळा कारभार आईनं अंड्यात भरून दिलेल्या सामानावर चालतो, प्रथिनं आणि तयार संदेश म्हणजे एमआरएनए. शिदोरीच म्हणा. साडेपाचशे-हजार पेशी होईपर्यंत, प्रमाणित घड्याळानं पावणेतीन-तीन तास, हेच. मग आईनंच ठेवलेली नॅनॉग, सॉक्स१९बी, पीओयू५एफ३ अशी काही प्रथिनं भ्रूणाच्या जनुकसंचाची कुलपं उघडतात. आणि उघडल्यावर अगदी सुरुवातीला जे काम होतं ते मला फार घरगुती वाटलं. एमआयआर-४३० नावाचे छोटे आरएनए तयार होतात आणि आईचे शेकडो संदेश मोडीत काढतात. शिदोरी संपली, डबे घासून ठेवले, आता स्वतः चूल पेटवा.

माझ्या घड्याळानं हे सकाळी साडेदहाच्या सुमाराला झालं असावं. डोळ्याला त्यातलं काही दिसत नाही. एवढंच जाणवलं की सगळ्या पेशी आतापर्यंत एका तालात फुटत होत्या, त्या आता आपापल्या वेळेनं फुटायला लागल्या.

आईच्या सामानातलं एक जनुक फारच खट्याळ आहे. हुलुवा. चीनमधल्या शास्त्रज्ञांनी २०१८ साली त्याच्याबद्दल लिहिलं. हे आईकडून आलं नाही तर भ्रूणाला पाठीची बाजूच ठरवता येत नाही, डोकं तयार होत नाही. बापाकडून धड प्रत आली असली तरी उपयोग नसतो, कारण ती वाचली जाईपर्यंत वेळ निघून गेलेली असते. हे विज्ञान म्हणून मला थोर वाटतं. पण ‘सगळं आईवर असतं’ हे वाक्य आमच्या सोसायटीतल्या काही बायकांसमोर मी चुकूनही उच्चारणार नाही.

दुपारी सव्वादोनला बलकावर ओढल्या जाणाऱ्या टोपीच्या कडेला एका जागी जाडसर फुगवटा आला. याला ढाल म्हणतात. इथून पाठ सुरू होते. ती पाठ होते म्हणजे काय, तर रस्सीखेच. भ्रूणात बीएमपी नावाचं प्रथिन ‘पोट व्हा, पोट व्हा’ असं सांगत असतं. ढालीच्या पेशी कॉर्डिन नावाचं दुसरं प्रथिन सोडतात, ते बीएमपीला धरून ठेवतं. जिथं बीएमपी अडवलं गेलं तिथं पाठ, मेंदू. जिथं मोकळं राहिलं तिथं पोट. कॉर्डिन बिघडलेल्या ‘कॉर्डिनो’ माशात पोटाकडचं जास्त आणि डोकं बारीक होतं. बीएमपीपैकी एक बिघडलेल्या ‘स्वर्ल’मध्ये नेमकं उलट. म्हणजे ‘पाठीचं जनुक’ असं एकटं कोणी नाही. एक ओढतो, दुसरा धरतो, आणि दोर कुठं थांबतो त्यावर तुमचं शरीर.

बाबांना हे सांगितलं तर त्यांनी व्यवहारी शंका काढली. "एक फ्यूज काढला अन् काहीच बंद नाही पडलं, असं होते का?" होतं म्हटलं. झेब्रासारख्या बहुतेक हाडाच्या माशांच्या पूर्वजांत कधीतरी अख्खा जनुकसंच एकदा दुप्पट झाला. बऱ्याच जनुकांच्या दोन आवृत्त्या शिल्लक राहिल्या, एक गेली तर दुसरी काम भागवते. "दोन फीडरवरून लाईन," बाबा म्हणाले. "अशा गल्लीचं नावच नव्हतं आमच्या वहीत. कधी ओरडलेच नाही ते लोक." मला हे फार लागलं. म्हणजे वहीत नाव नाही याचा अर्थ काम नाही असा होत नाही, आणि मी मात्र पोरांना जनुकांच्या याद्या पाठ करायला लावते.

२०१३ साली या माशाचा पूर्ण जनुकसंच प्रसिद्ध झाला. माणसाच्या सुमारे सत्तर टक्के जनुकांना त्यात निदान एक तरी जोडीदार सापडतो. एवढं सांगून हा विषय सोडते, कारण लोक या आकड्यावरून लगेच ‘आपण सत्तर टक्के मासा’ असं म्हणायला लागतात.

रात्र. सगळे झोपले, मी जागी. साडेसातच्या पुढे पाठीच्या दोन्ही बाजूंना आडव्या पट्ट्या दिसायला लागल्या होत्या, सोमाइट. यांतूनच पुढे मणके आणि पाठीचे स्नायू होतात. रात्री अकराला मोजले, आठ. साधारण दर अर्ध्या तासाला एक जोडी पडते, माझ्या थंड डब्यात जरा सावकाश. हे घड्याळ कुठून येतं? शेपटीच्या टोकाकडच्या पेशींत हर१ आणि हर७ ही जनुकं चालू-बंद, चालू-बंद होत असतात. त्यांचंच प्रथिन तयार झालं की ते परत येऊन आपल्याच जनुकाला बंद करतं. प्रथिन विरलं की जनुक पुन्हा चालू. फ्रीजचा कॉम्प्रेसर जसा स्वतःच्याच थंडाव्यानं बंद होतो आणि गरम झालं की घुरघुरतो, तसं. एका फेरीला एक पट्टी.

पण शेकडो पेशींची शेकडो घड्याळं एकाच ठेक्यात राहायला हवीत. त्यासाठी शेजारच्या पेशी एकमेकींना डेल्टा नावाच्या प्रथिनानं खुणावत असतात. भजनात प्रत्येकाकडे आपले टाळ असतात, पण शेजाऱ्याकडे कान ठेवला नाही तर तिसऱ्या कडव्याला गोंधळ होतो. डेल्टाडी हे जनुक बिघडलं की अगदी तेच होतं. सुरुवातीला सगळ्या पेशी बरोबर निघतात म्हणून पहिले सातआठ सोमाइट छान पडतात, मग ताल सुटतो आणि पुढच्या पट्ट्या वेड्यावाकड्या. त्या बिघाडाचं नाव ‘आफ्टर एट’. माझे आठ मोजून झाले होते. नववा पडेपर्यंत मी आयपीसवरून डोळा काढला नाही. दुकानातल्या वीस रुपयांच्या माशाला कोण कशाला बिघडवायला जातंय, हे माहीत होतं. तरी.

नववा पडला. दहावाही.

पहाटे चारच्या सुमाराला शेपटीचा एक झटका. कवचाच्या आत, एकदाच. मी दचकले. मग मिनिटभरानं पुन्हा. सुरुवातीच्या या हालचालीत मेंदूचा हात नसतो, पाठीतल्या मज्जारज्जूच्या चेतापेशी आपापसात ठिणग्या टाकत असतात. एव्हाना अकरा अंडी पांढरी पडून मेली होती, ती काढून टाकली.

बाबा पाचला उठतात. चहा घेताना त्यांना आयपीसमधून दाखवलं आणि जे अजून दिसत नव्हतं ते सांगितलं. हृदयाच्या पेशी दोन्ही बाजूंनी येऊन मधे भेटतात, त्यांची नळी होते, आणि ती एक दिवसाच्या आसपास धडधडायला लागते. माझ्या डब्यात दुपारी बारा-एकला. ‘सायलेंट हार्ट’ नावाचा एक बिघाड आहे, त्यात हृदय सगळं तयार होतं पण ठोकाच पडत नाही. स्नायूतलं ट्रोपोनिन नावाचं प्रथिन नसतं. माणसात त्याच प्रथिनाच्या जनुकातल्या दोषानं हृदयाचे स्नायू जाड होतात. गंमत ही की तो मुका मासा लगेच मरत नाही. एवढासा असतो, पाण्यातला ऑक्सिजन कातडीतूनच आत जातो, काही दिवस निघतात. म्हणून तर हृदय कसं तयार होतं हे या माशात पाहता येतं. उंदरात पाहायला जावं तर पिल्लू आधीच आईच्या पोटात मेलेलं असतं.

"म्हणजे वायरिंग झालं, लाईन सोडायची बाकी आहे," बाबा म्हणाले.

सोमवारी मला रजा नव्हती. वॉच ग्लास फोकस करून, हलवू नका, फक्त डोळा लावा, दर तासाला एक थेंब पाणी टाका, अशा दहा सूचना देऊन मी स्कूटर काढली. तिसऱ्या तासाला फळ्यावर पाचनसंस्था काढताना घड्याळाकडे तीनदा पाहिलं. पोरांना वाटलं मॅडमला घाई आहे.

बारा चाळीसला स्टाफरूममध्ये डबा उघडत होते तेवढ्यात फोन वाजला. बाबा दुपारी कधी फोन करत नाहीत. पोटात गोळा आला.

"बेटा, लाईन आली."

मला काही बोलताच येईना.

"आधी दोन झटके आले, मग गेली. मी म्हटलं झालं, गेला जंपर. मग परत आली. आता येऊन राहिली, पण व्होल्टेज कमी आहे. थांब, ठेवतो, पाहू दे."